डाव्या खांद्याची वीस बोर

मार्किना गावचा शिकारी सोतेरो सान मार्तिनच्या सणाच्या आदल्या रविवारी लागुनला न्यायला येणार होता. लागुन आमचा कुत्रा. पाच वर्षांचा, पांढरा, कानांवर आणि पाठीवर तपकिरी डाग. सोतेरोला शब्द दिला तो बालेंदीननी, माझ्या यजमानांनी, आणि तोही मला न विचारता. बाजारातून आले, टोपी काढली, लागुनच्या गळ्यातली पितळी घंटा सोडवली आणि स्वयंपाकघरात सांडशीच्या खिळ्याला अडकवली.

"शिकारीचा कुत्रा चुलीपाशी बसवून ठेवणं पाप आहे," ते म्हणाले. "पापाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

सकाळची जपमाळ पुरी होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तर दुपार होती, तरी मी माळ पुन्हा हातात घेतली.

मे महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्यातली नस फुटली. सकाळी उठले आणि म्हणाले, "फेलिसा, खिडकीचं एक दार लावलंस का?" दोन्ही दारं उघडी होती. बिल्बाओच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेला डोळा चांगला आहे, तो जपा. शिकारीचं त्यांनी स्वतः विचारलं नसतं, म्हणून मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बारा बोरच्या बंदुकीचा दणका आता नको. डोक्याला हादरा बसेल असं काहीच नको. जायचंच असेल तर लहान बोर, हलकं काडतूस. परवान्याच्या कागदावर मी सही देईन."

परतताना बसमध्ये बालेंदीन खिडकीबाहेर बघत होते. एर्मुआ गाव मागे पडल्यावर म्हणाले, "लहान बोर म्हणजे चिमण्या हाकलायला," आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

त्याच संध्याकाळी मी मनात एक नेम धरला. हे पुन्हा डोंगर चढतील तोवर माझ्या कॉफीत साखर नाही. एवढासाच. मोठा नेम धरला की चार लोकांना कळतो, मग तो देवाचा राहत नाही.

उन्हाळा गेला. आमचं घर एइबारच्या वर, उतारावर आहे. मागे चेस्टनटची झाडं आणि त्यांच्यावर बीचच्या झाडांचं रान. पानं पिवळी व्हायला लागली की इतर वर्षी हे दिवसातून तीनदा दारात जाऊन वारा बघायचे. उत्तरेचा वारा सुटला की बहिरी कोंबडी येते, लांब चोचीचं रानपाखरू. आम्ही तिला बहिरी म्हणतो, कारण ती वाळक्या पानांत पानांच्याच रंगाची होऊन बसते आणि पाय तिच्या अंगावर पडेपर्यंत हलत नाही. रानात कुत्रा दिसत नाही, फक्त त्याची घंटा ऐकू येते. घंटा वाजतेय तोवर माणसानं चालायचं. घंटा थांबली की समजायचं, लागुन तिच्यासमोर खिळून उभा आहे.

या वर्षी मात्र हे दाराकडे पाठ करून बसले. घंटा खिळ्यावर, आणि लागुन खिळ्याखाली.

ऑक्टोबरात, सान लुकासच्या दिवशी, मी एक लहानसं खोटं बोलले. म्हणाले, "अहो, तुमच्या बारा बोरच्या नळीत गंज दिसतोय. मादालेनला दाखवून आणू या का? विकायची म्हटली तरी साफ हवी." हे मी पुढच्या शनिवारी कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांना सांगितलंही. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या नळीत? डाव्या की उजव्या?" आणि मग प्रायश्चित्त दिलं. तेही शिकारी आहेत.

मादालेनचा बंदुकांचा कारखाना खालच्या उतरत्या गल्लीत आहे. कारखाना म्हणायचा, पण आता तिथे पाचच माणसं काम करतात. तिचे वडील कासियानो मालक होते तेव्हा तिथे बावीस जण होते आणि बालेंदीन त्यांतले दस्तेवाले. अडतीस वर्षं त्यांनी तिथे अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते घडवले. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. दार ढकललं तसा जवसाच्या तेलाचा वास आला, आणि हे उंबऱ्यातच जरा थांबले.

"या, बालेंदीनकाका!" मादालेन हात पुसत आली. "तीन वर्षांनी वाट चुकलात वाटतं."

"मी नाही चुकलो. बायकोनं आणलं. गंज चढलाय म्हणते."

तिनं आमची दुनळी बंदूक बिजागरीशी उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या, दोन्हींतून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "गंज? काकू, या नळ्यांत बघून मी वेणी घालीन." मी खाली पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं ती बंदूक बाजूला ठेवली आणि काही न विचारता कपाटातून दोन लहान दुनळ्या काढल्या. नळ्या शेजारी-शेजारी, सरळ मुठीच्या, दोन चापांच्या, आमच्याकडे करतात तशाच, फक्त अंगानं बारीक.

पहिली अठ्ठावीस बोर होती. बंदुकीत आकडा वाढतो तसं नळीचं तोंड लहान होत जातं. बालेंदीननी ती एका हातात तोलली.

"ही काय, दाढी खाजवायला?"

"दोन किलो दोनशे आहे, काका. दिवसभर धरली तरी हात भरून येणार नाही."

"हात नाही भरणार, पण पक्षीही नाही पडणार. इतकी हलकी बंदूक खांद्याला पटकन येते आणि पटकन अडते. पक्षी पुढे जात राहतो, नळी जागच्या जागी. हे तुझ्या बापानंच मला शिकवलं."

"म्हणून तर दुसरी काढली," मादालेन म्हणाली. "वीस बोर. अडीच किलो. नळ्या अडुसष्ट सेंटीमीटरच्या, उजवी मोकळी, डावी तोंडाशी जरा आवळलेली. काडतूस चोवीस ग्रॅमचं. दणका म्हणाल तर काकूंनी पाठीवर थाप मारावी तेवढा."

"हिची थाप तुला माहीत नाही," ते म्हणाले. मे महिन्यानंतरची त्यांची ही पहिली थट्टा. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि पुढचं मागून घेतलं.

"चला, लावून बघा," मादालेन म्हणाली. "रीत तुम्हाला मी काय सांगायची."

रीत साधी आहे. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. दस्ता मापाचा असेल तर नजर नळ्यांमधल्या पट्टीवरून नीट टोकाच्या मण्यावर जाते. अडतीस वर्षं हे त्यांनी इतरांकडून करून घेतलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. बंदूक उचलली. सवयीनं ती गेली उजव्या खांद्याला, गाल उजवा टेकला, आणि त्यांनी डोळे उघडले.

पलीकडे कुणीतरी कानस घासत होतं, ते थांबलं. बालेंदीननी बंदूक खाली घेतली, अगदी हळू, टेबलावर ठेवली आणि टोपीकडे हात नेला.

"काळोख आहे," ते म्हणाले. "चल, फेलिसा."

"डावा खांदा आहे की, काका."

"डाव्या खांद्याला?" ते माझ्याकडे वळले. "हिला विचार. डाव्या हातानं क्रूस काढतात का कधी?"

"उजवा हात नसेल तर काढतात," मी म्हणाले. "देव हात बघत नाही."

ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. मादालेननं तेवढा वेळ साधला. "उजव्या दस्त्यावर डावा खांदा बसणार नाही, हे तुम्हीच मला सांगाल. दस्ता उजवीकडे वाकलेला असतो, डाव्यानं लावला की नजर नळीच्या बाहेर जाते. नवा डावा दस्ता करायचा तर पुढचा उन्हाळा उजाडेल, इतकं काम आहे. पण एक आहे माझ्याकडे. थांबा."

ती मागच्या खोलीत गेली आणि लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आणखी एक वीस बोर. लाकूड गडद, त्यात धुरासारख्या रेषा. "ही बाबांची. डाव्या वाकाची. मी लहान असल्यापासून त्या कपाटात आहे. एक फ्रेंच गिऱ्हाईक दोनदा येऊन मागून गेलं, बाबांनी दिली नाही. का, ते सांगितलंही नाही."

बालेंदीननी ती घेतली. लाकडावरून अंगठा फिरवला तसं त्यांचं तोंड बदललं. कामावरचं तोंड, जे मी कित्येक वर्षं डबा घेऊन गेले की बघत असे.

"लाकूड सुंदर आहे. हातही बरा आहे," ते म्हणाले. मग मुठीवर बोटं आवळली आणि मोठ्यानं हसले. "अगं, हा डावा म्हणून केलेलाच नाही! मूठ बघ. फुगवटा उजव्या तळहाताला आहे आणि वाक डावीकडे. चुकलाय हा. कुणा गाढवानं शिकंज्यात उलटा धरला आणि उलट्यावरच रेघ मारली. उलटा धरला की डावं-उजवं फिरतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कान उपटायला हवे होते त्याचे."

"बाबा कुणाचे कान उपटत नसत."

"ते मला सांगू नकोस. हिलारियोचे कुठे उपटले?"

हिलारियोची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. आमच्या लग्नानंतर सहा-सात वर्षांनी कारखान्यातल्या हिलारियोनं हीच चूक केली, दस्ता उलटा धरून. बालेंदीन तो दस्ता घेऊन मालकांकडे गेले आणि म्हणाले, असल्या माणसाला काढा, अक्रोड काय झाडाला लागतो? मालक म्हणाले, राहू दे रे. तुझ्याकडूनही होईल कधीतरी. त्यावर बालेंदीन म्हणाले, माझ्याकडून? कधीच नाही. मालक नुसते हसले. हे "नुसते हसले" बालेंदीन नेहमी रागानं सांगत. मालक फार मऊ, हा त्याचा अर्थ.

"लावून तर बघा त्या गाढवाची बंदूक," मादालेन म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. या वेळी हात थोडा वेळ हवेत राहिला, कुठे जायचं ते कळेना. मग बंदूक डाव्या खांद्याला आली, अवघडून, डावा हात उजव्याच्या जागी आणि उजवा पुढे. गाल टेकला. मी बोटांत जपमाळेचा मणी धरला होता, तो सोडला नाही.

डोळा उघडला.

"दिसतंय का?" मादालेननं विचारलं.

"मणी दिसतोय."

"आणि?"

"मण्याच्या मागे तुझं घड्याळ. पाच मिनिटं मागे आहे."

पलीकडची कानस पुन्हा सुरू झाली.

दस्ता त्यांना लांब होत होता. खांद्याला येताना कोटात अडकायचा. "एक सेंटीमीटर कापावा लागेल," ते म्हणाले, आणि मादालेननं दस्त्याच्या शेवटावरची लोखंडी पट्टी काढायला घेतली. दोन स्क्रू होते, घट्ट बसलेले. पट्टी सुटली. आत लाकडाचं उघडं तोंड, कधीच तेल न लागलेलं, आणि त्यावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं.

"कुणाची तरी खूण आहे," मादालेन म्हणाली आणि दिव्याखाली धरून वाचू लागली. "दोन रेघांचं एक पान. खाली तारीख, सात ऑक्टोबर एकोणपन्नास. खाली लिहिलंय, 'उद्या'. उद्या काय? काम उद्या संपवायचं की काय? आणि त्याच्याखाली निळ्या पेन्सिलनं बाबांचं अक्षर आहे. 'डावी. ठेवणे.'"

दस्तेवाला पट्टी बसवण्याआधी आपली खूण करतो. ती कुणी बघायची नसते, फक्त असते. दोन रेघांचं पान कुणाचं, हे मादालेनला माहीत नव्हतं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

बालेंदीनांचा कान लाल झाला होता, लग्नाच्या दिवशी झाला होता तसा.

"माझं लग्न," मी म्हणाले.

"काय?"

"उद्या म्हणजे माझं लग्न. सात तारखेला शुक्रवार होता, जपमाळेच्या मातेचा दिवस. आठला, शनिवारी, आमचं लग्न झालं."

मादालेननं त्यांच्याकडे पाहिलं, मग दस्त्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "म्हणजे ते गाढव..."

"ते गाढव उभं आहे तुझ्यासमोर," बालेंदीन म्हणाले. ते तिथल्या स्टुलावर बसले, त्यांच्याच जुन्या स्टुलावर. "शुक्रवारी दुपारी मी सगळं भराभर उरकलं. न्हावी पाचला बंद व्हायचा. दस्ता कुठे धरला होता, डोकं कुठे होतं, काही आठवत नाही. मी परत आलो तेव्हा ते गिऱ्हाईक दुसरी बंदूक घेऊन गेलं होतं. मालक म्हणाले, त्याला दुसरं लाकूड आवडलं. मी मानलं. मला तर रागच आला होता, इतकं चांगलं लाकूड त्याला आवडू नये!"

"परत आलात तेव्हा म्हणजे कधी?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

लग्नात मालक आले होते. जेवण झाल्यावर बालेंदीनना बाजूला घेऊन म्हणाले होते, सोमवारी येऊ नकोस. बुधवारी ये. जा, पोरीला समुद्र दाखव. त्या काळी एक दिवस जास्तीचा कुणी देत नसे, आणि मालकांनी दोन दिले. आम्ही समुद्रकाठच्या दोनोस्तियाला गेलो. मी समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाऊस होता, आम्ही एका छत्रीखाली भिंतीवर बसून भाजलेली कणसं खाल्ली, आणि मी यांना सांगितलं की तुमचे मालक फार चांगले आहेत. एकोणचाळीस वर्षं मी तेच सांगत आले. पण का चांगले, ते मला आज कळलं. त्या दोन दिवसांत त्यांनी चुकलेला दस्ता लपवला होता, गिऱ्हाइकाला दुसरी बंदूक लावून दिली होती, आणि कामावरच्या एकालाही कळू दिलं नव्हतं. म्हणजे आमच्या समुद्रालाही तीच चूक कारण होती.

"आणि हिलारियोच्या वेळी," बालेंदीन हळू म्हणाले, "मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, माझ्याकडून कधीच नाही. ही बंदूक तेव्हा मागच्या कपाटात होती. आणि ते नुसते हसले."

मादालेननं कॉफी आणली. माझ्या कपात साखर टाकायला गेली तसा मी हात आडवा धरला.

मग प्रश्न उरला कापायचा. एक सेंटीमीटर कापला तर ते अक्षरच जाणार. मादालेन म्हणाली, "राहू दे, काका, थोडी लांब तर लांब. मी असं कापणार नाही."

"कोटात अडकणारी बंदूक घेऊन काय करू? देवघरात ठेवू?" ते उठले. "तू नको कापूस. करवत दे. बारीक दातांची, माझी असेल अजून तिथे खिळ्यावर."

होती. त्यांनी दस्ता शिकंज्यात धरला. सुलटा आहे ना, हे दोनदा पाहिलं. मग माझ्याकडून पाहून घेतलं, मग मादालेनकडून. रेघ मारली. मी म्हणाले, "एका डोळ्यानं जमेल ना?"

"एका डोळ्यानं सरळच येईल. उलटी आली ती दोन डोळ्यांनी आली होती."

करवत त्यांनी अशी ओढली की लाकडाचा काप अखंड सुटला, बिस्किटासारखा, एका अंगाला पान, तारीख, 'उद्या' आणि निळं अक्षर. तो काप त्यांनी माझ्या हातात दिला. मग नव्या तोंडावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलं, वाकून, पाठ आमच्याकडे करून, आणि आम्ही जवळ जायच्या आत पट्टी बसवून स्क्रू पिळले.

"काय लिहिलंत?"

"ते बघायचं नसतं. असतं फक्त."

बारा बोर त्यांनी तिथेच ठेवली. मादालेननं वीसचं मोल सांगितलं नाही आणि यांनी बाराचं विचारलं नाही, बंदुकीला बंदूक झाली. "घरात बारा आणि वीस एकत्र नांदवायच्या नाहीत," ते म्हणाले. "विसाचं पिवळं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर मधेच अडकतं. मग त्यावर दुसरं घातलं की नळीही जाते आणि हातही. आणि चुका मी किती करतो, ते आता तुम्ही पाहिलंच आहे." कागदपत्रं ठाण्यावरून यायला पंधरा दिवस लागणार होते.

त्या पंधरा दिवसांतली एक संध्याकाळ सांगायला हवी. हे खालच्या गुत्त्यात गेले, जिथे हिलारियो रोज पत्ते खेळतो. मी शेजारच्या दुकानात मीठ घेत होते, भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"हिलारियो, तू दस्ता उलटा कापला होतास, आठवतं?"

"तीस वर्षं तू विसरू देतोयस का?"

"मी तुझ्या आधी कापला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी."

मग हिलारियोचं हसू सुरू झालं ते थांबेना, खोकल्यात गेलं आणि पुन्हा हसण्यावर आलं. "माझी बायको असायला हवी होती रे आज! ती म्हणायची, हा बालेंदीन इतका ताठ चालतो, याच्या सदऱ्यात हँगर आहे का?"

घरी आले तेव्हा त्यांना सफरचंदाच्या दारूचा वास येत होता आणि चालणं जरा कमी ताठ होतं.

पण कुत्र्याचं त्यांनी सोतेरोला कळवलं नव्हतं. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, "घड्याळावर नेम धरणं वेगळं. घड्याळ उडत नाही. रविवारी रानात घंटा थांबली आणि माझ्यानं डाव्यानं चाप ओढला गेला, तर कुत्रा राहील. हात मधेच अडला तर सोतेरोला देऊ. ज्याच्यासमोर बार होत नाही, तो कुत्रा वर्षभरात बिघडतो. त्याच्यावर तो अन्याय नको." ते खरं होतं.

रविवारी आम्ही चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेलो. परत आल्यावर त्यांनी घंटा खिळ्यावरून काढली. लागुनला त्या आवाजानं काय झालं ते मी लिहून दाखवू शकत नाही. टेबलाखालची एक खुर्ची मोडली एवढं सांगते. दोघं चेस्टनटच्या मागून वर गेले आणि मी परसात टोपली घेऊन बसले.

अकराच्या सुमारास सोतेरो आला. हातात नवी दोरी.

"कुत्रा कुठाय?"

"रानात."

"कुणाबरोबर?"

"मालकाबरोबर. बस ना, सोतेरो. चीज आणते."

तो बसला नाही. वरून घंटा ऐकू येत होती, बारीक, पानांतून, कधी इकडे कधी तिकडे. सोतेरोनं टोपी मागे सारली. तोही शिकारीच. मीही उठले आणि आम्ही दोघं उभे राहून ऐकू लागलो.

घंटा थांबली.

मी श्वास धरला. सोतेरो बोटांवर मोजत होता. मग पंखांचा आवाज आला असावा, आम्हाला तो ऐकू येण्यासारखा नव्हता, आणि घंटा पुन्हा वाजू लागली. बार झालाच नाही.

"उडाली," सोतेरो म्हणाला. "यानं बंदूक उजव्याला नेली असणार. हात जातोच. चाळीस वर्षांचा हात." आणि त्यानं दोरी या हातातून त्या हातात घेतली. त्याच्या मनात वाईट नव्हतं.

मी माळ काढली. दहा मण्यांचं पहिलं दशक झालं. घंटा वर सरकत गेली, ओढ्यापलीकडे. दुसरं दशक निम्म्यावर होतं तेव्हा घंटा पुन्हा थांबली.

या वेळी ती बराच वेळ थांबली. इतका वेळ की सोतेरो पुटपुटला, "लागुन, शाबास रे, हलू नकोस." मग एक बार झाला, लगेच दुसरा. बारा बोरसारखा भरदार नाही, कोरडा, लहान, जाड पुस्तक मिटल्यासारखा. लगोलग घंटा धावत सुटली, थांबली, पुन्हा धावली, गोल गोल.

"चुकली," सोतेरो म्हणाला. "दोन्ही चुकले. कुत्रा शोधतोय, काही सापडत नाही."

"पण बार झाले," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या दोरीकडे. "हो, वहिनी," तो म्हणाला. "बार झाले."

तासाभरानं दोघं खाली आले. हे गुडघ्यापर्यंत भिजलेले, गालावर काट्याचा ओरखडा, टोपीत बीचची पानं. पक्षी नाही. सोतेरोला बघून लांबूनच ओरडले, "पहिल्या वेळी उजव्याला नेली! दुसऱ्या वेळी डाव्याला आणली, आणि मग पक्ष्याच्या दोन हात मागून मारलं. डाव्या बाजूनं रान वेगळंच दिसतं, सोतेरो. झाडं भलतीकडेच उभी असतात."

"पुढच्या वेळी झाडांना सांगून जा."

"कुत्रा मिळणार नाही तुला."

"ते मला मघाशीच कळलं. पण मी दोरी विकत घेतली त्याचं काय?"

"तिला फास लाव," हे म्हणाले, "आणि मी पुन्हा कधी 'मला चूक होतच नाही' असं म्हणालो की मला बांध."

सोतेरोनं चीज खाल्लं, दोन पेले घेतले, लागुनच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोरी घेऊन गेला. मी कॉफी केली. कपात साखरेचे दोन खडे टाकले. हे बघत होते.

"संपला वाटतं," ते म्हणाले.

"काय संपलं?"

"मे महिन्यापासून तू साखर घेत नव्हतीस. माझा एक डोळा गेलाय, फेलिसा. दुसरा आहे."

मी कप उचलला आणि पहिला घोट घेतला.

मृतांच्या दिवशी, म्हणजे त्या रविवारच्या चारच दिवस आधी, मी आमच्या घरच्या गेलेल्यांसाठी मेणबत्ती लावली होती. आमच्याकडे घरच्या बाईनं आपल्याच घराच्या मृतांसाठी मेण जाळायचं असतं, परक्याच्या नाही. मी तिथे लाकडाचा तो काप ठेवला, निळं अक्षर वर करून, आणि कासियानो मालकांसाठी आमच्याच मेणाचा एक तुकडा वेगळा लावला. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, ते आमच्याच घरचे आहेत.

आता रोज पहाटे जपमाळेच्या शेवटी मी गेलेल्यांची नावं घेते. माझे आई-वडील, यांचे आई-वडील, आमचा पहिला मुलगा जो तीन दिवस जगला, आणि कासियानो. हे अंथरुणात असतात, झोपेत आहेत असं मला वाटतं. परवा मी नाव घेतलं आणि भिंतीकडून आवाज आला.

"नुसतं कासियानो नको म्हणूस. कासियानो मालक म्हण."